जुन्या सायकलीला नवा चिमटा : कार्यशाळेतील एक अभ्यासपाठ

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात पचेतन नावाच्या राजाची आणि त्याच्या रथकाराची कथा येते. वाराणसीजवळ ऋषिपत्तनाच्या मृगदावनात भगवान बुद्धांनी ती भिक्खूंना सांगितली. सहा महिन्यांनी युद्ध होणार होते. राजाने रथकाराला चाकांची नवी जोडी करण्यास सांगितले. मुदत संपायला सहा दिवस उरले तेव्हा एकच चाक तयार होते. दुसरे चाक रथकाराने उरलेल्या सहा दिवसांत पुरे केले. राजाला दोन्ही चाके सारखीच दिसली. तेव्हा रथकाराने ती एकेक करून गडगडवली. सहा दिवसांचे चाक गती संपताच डगमगले आणि जमिनीवर पडले. सहा महिन्यांचे चाक गती संपल्यावरही आसावर बसवल्यासारखे उभे राहिले. पहिल्याच्या धावेत, आऱ्यांत आणि तुंब्यात वाकडेपणा राहून गेला होता, दुसऱ्यात तो नव्हता.

आमच्या विद्यालयाच्या सायकल-कार्यशाळेत ही कथा दरवर्षी पहिल्या दिवशी सांगितली जाते. तरीही एका वर्षी आम्ही स्वतःच ती विसरलो आणि त्याची किंमत एका विद्यार्थिनीला मोजावी लागली. ती हकीकत या लेखात पुढे येईल. स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही येथे एक लहान, परंतु पुरा पाठ मांडत आहोत. जुन्या माउंटन सायकलीला झटके शोषणारा पुढचा चिमटा, म्हणजे सस्पेन्शन फोर्क, कधी बसवावा, कधी बसवू नये आणि बसवायचा ठरल्यास कोणत्या क्रमाने बसवावा, हा त्याचा विषय आहे. माजी विद्यार्थी दरवर्षी आपल्या जुन्या सायकली विद्यालयाला देतात. वसतिगृहातील मुलेमुली त्यांवरून सात किलोमीटरवरील कनिष्ठ महाविद्यालयात जातात. वाट मुरमाची आहे, तीत एक चढ, एक उतार आणि पावसाळ्यानंतर उघडे पडलेले दगड आहेत. म्हणून हा विषय आमच्यासाठी हौसेचा नाही.

जुन्या वस्तूंतून जन्मलेली सायकल

माउंटन सायकलीचा जन्मच मुळी जुन्या सायकलींच्या दुरुस्तीतून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मरीन परगण्यात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण मोडीत निघालेल्या, जाड टायरच्या जुन्या सायकली गोळा करीत, त्यांना चांगले ब्रेक आणि गिअर जोडीत आणि डोंगरातील कच्च्या वाटांवरून खाली येत. १९७६ पासून त्यांच्या ज्या शर्यती सुरू झाल्या त्यांचे नाव ‘रीपॅक’ असे पडले. उतारावर मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. नव्याने भरणे म्हणून ‘रीपॅक’. शर्यतीचे नाव देखभालीच्या कामावरून पडावे, ही आम्हांला मोठी अर्थपूर्ण गोष्ट वाटते. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी नवी सायकल घडवली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजंपर’ मोठ्या प्रमाणावर बाजारात आली.

या सर्व सायकलींचा पुढचा चिमटा एकसंध होता, त्यात स्प्रिंग नव्हती. झटके शोषण्याचे काम टायर आणि स्वाराचे कोपर करीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पॉल टर्नर यांनी रॉकशॉक्स कंपनीच्या रूपाने हवा आणि तेल यांवर चालणारा चिमटा आणला. १९९० मध्ये अमेरिकेतील ड्युरँगो येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी उताराची शर्यत अशाच चिमट्यावर जिंकली, आणि त्यानंतर काही वर्षांतच एकसंध चिमटा मागे पडला. आमच्याकडे येणाऱ्या सायकली बहुधा या दोन काळांच्या सांध्यावरील असतात. सांगाडा एकसंध चिमट्यासाठी घडवलेला आणि मनात इच्छा स्प्रिंगच्या चिमट्याची, असा तो प्रकार असतो. अडचण येथूनच सुरू होते.

चिमटा नेमके काय करतो

चाक दगडावर आदळते तेव्हा ते वर उचलले जाते. एकसंध चिमट्यात त्याच्याबरोबर सांगाडा, हँडल आणि स्वाराचे हातही उचलले जातात. स्प्रिंगच्या चिमट्यात चाक वर जाते, पण सांगाडा जवळजवळ आपल्या जागी राहतो. यामुळे हाताला आराम मिळतोच, पण त्याहून महत्त्वाचा लाभ असा की चाक जमीन सोडत नाही. जमिनीला टेकलेले चाकच वळते आणि ब्रेकला दाद देते.

मात्र नुसती स्प्रिंग पुरेशी नसते. दाबलेली स्प्रिंग घेतलेली शक्ती परत करते आणि सायकल रबरी चेंडूसारखी उसळू लागते. म्हणून चांगल्या चिमट्यात तेल असते. चिमटा दबताना आणि उलगडताना हे तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, त्यात गतीची शक्ती उष्णतेत जिरते. याला डॅम्पिंग म्हणतात. स्वस्त चिमट्यांत बहुधा केवळ पोलादी स्प्रिंग असते आणि डॅम्पिंग नावापुरते असते. फार जुन्या चिमट्यांत स्प्रिंगऐवजी रबरासारखे तुकडे, म्हणजे इलास्टोमर, असतात. वर्षानुवर्षे पडून राहिले की ते कडक होतात किंवा त्यांचा भुगा होतो. असा चिमटा दिसायला सुंदर, पण कामाला निरुपयोगी असतो. हवेचा चिमटा हलका असतो आणि स्वाराच्या वजनानुसार हवा भरून जुळवता येतो, पण त्याची निगा अधिक राखावी लागते.

आमची चूक

आता ती हकीकत सांगतो. एका माजी विद्यार्थ्याने प्रेमाने एक चिमटा पाठवला होता. तो जवळजवळ नवा होता आणि त्याची दबण्याची लांबी, म्हणजे ट्रॅव्हल, १०० मिलिमीटर होती. आम्ही तो एका जुन्या पोलादी सांगाड्यावर बसवला. नळी बसली, चाक बसले, ब्रेक लागला. सारे जुळले असे आम्ही मानले. दुसऱ्या दिवशी विद्यालयाचा कार्यक्रम होता आणि पाहुण्यांना सायकल दाखवायची होती, म्हणून घाईही होती. मापे घेतली गेली नाहीत.

ती सायकल अकरावीतील एका विद्यार्थिनीला मिळाली. आठवड्याने चढावर, अगदी मंद गतीत, तिचे पुढचे चाक एका बाजूला कलंडले. तिने पाय टेकायला पाहिले, पण पाय जमिनीला पोहोचला नाही. ती पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड तडकले. आम्ही रुग्णालयात गेलो तेव्हा तिचे पहिले वाक्य होते, “सर, माझीच चूक झाली. मला नीट चालवता आली नाही.”

आम्हीही क्षणभर तसेच मानले, हे येथे लिहून ठेवले पाहिजे. सायकल परत आणून मापे घेतली तेव्हा मात्र सत्य निराळे निघाले. मूळ चिमट्याची चाकाच्या आसापासून मुकुटापर्यंतची लांबी ४१० मिलिमीटर होती. नव्याची ४७० होती. म्हणजे सायकलीचा पुढचा भाग आम्ही ६० मिलिमीटरने उचलला होता. स्वार बसल्यावर चिमटा साधारण २० मिलिमीटर दबतो असे धरले तरी ४० मिलिमीटरची उंची शिल्लक राहत होती.

या ४० मिलिमीटरचा हिशेब आम्ही नंतर फळ्यावर मांडला, तो असा. दोन चाकांच्या आसांमधील अंतर १०५० मिलिमीटर आहे. पुढचे टोक ४० मिलिमीटर वर गेले की सायकल सुमारे २.२ अंशांनी मागे कलते. डोक्याच्या नळीचा जमिनीशी असलेला कोन ७१ अंशांवरून ६९ च्या खाली येतो. हँडलचा आस खाली वाढवला तर तो जमिनीला जेथे मिळतो तो बिंदू आणि चाक जमिनीला जेथे टेकते तो बिंदू यांतील अंतराला ट्रेल म्हणतात. ते अंतर आमच्या गणिताने सुमारे ७२ मिलिमीटरवरून ८६ वर गेले. ट्रेल वाढला की वेगात सायकल स्थिर वाटते, पण मंद चढावर चाक बाजूला झुकू पाहते. आधुनिक डोंगरी सायकलींत हा कोन मुद्दाम कमी ठेवतात हे खरे, परंतु तेथे सांगाड्याची लांबी आणि हँडलची पकड त्यानुसार बदललेली असते. जुन्या सांगाड्यात ती तशीच राहते. याशिवाय पायडलचा आस सुमारे १६ मिलिमीटर वर गेला आणि त्याबरोबर बैठकही उचलली गेली. उंचीने लहान असलेल्या मुलीचा पाय जमिनीला का पोहोचला नाही, याचे उत्तर फळ्यावर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या वंदनेनंतर आम्ही सर्व विद्यार्थ्यांसमोर सांगितले की चूक तिची नव्हती, आमची होती. हे सांगणे आम्हांला वाटले होते त्यापेक्षा कठीण गेले. वंचित घरांतून आलेली आमची मुले यंत्र बिघडले, परीक्षा बिघडली किंवा माणसे बिघडली तरी दोष आधी स्वतःकडे घेतात. दोष कोठे आहे ते मोजून पाहता येते, ही गोष्ट त्यांना शिकवणे हे आमच्या कार्यशाळेचे पहिले काम आहे. ते शिकवण्याचा प्रसंग आमच्याच चुकीतून यावा, याची खंत आजही आहे.

आधी पाच गोष्टी तपासा

त्या घटनेनंतर ठरलेली तपासणी आता प्रत्येक सायकलीला लागू आहे. पाचांपैकी एकही गोष्ट जुळली नाही तर चिमटा बसवला जात नाही.

पहिली गोष्ट, सांगाडा. डोक्याच्या नळीचा खालचा सांधा उजेडात धरून पाहावा. रंगाला सुरकुत्या, केसाएवढी चीर किंवा फुगलेला गंज दिसला तर तो सांगाडा चिमट्याच्याच नव्हे, स्वारीच्याही लायकीचा नाही. लांब चिमटा ही लांब तरफ आहे. तिचा सारा ताण याच सांध्यावर येतो.

दुसरी गोष्ट, लांबी. जुन्या चिमट्याची आसापासून मुकुटापर्यंतची लांबी मोजावी. नव्याच्या लांबीतून स्वाराच्या वजनाने दबणारा भाग वजा करावा. उरलेला फरक २० मिलिमीटरच्या आत असावा, असा आमचा नियम आहे. दर २० मिलिमीटरला कोन साधारण १ अंशाने बदलतो, हे लक्षात ठेवले की हिशेब तोंडी होतो. २६ इंची चाकांच्या जुन्या सांगाड्यांना बहुधा ६० ते ८० मिलिमीटर ट्रॅव्हलचे चिमटेच शोभतात.

तिसरी गोष्ट, नळीचा व्यास. चिमट्याची जी नळी सांगाड्याच्या डोक्यातून वर जाते ती जुन्या सायकलींत १ इंच किंवा सव्वाएक इंचाहून किंचित कमी, म्हणजे १ पूर्णांक १/८ इंच असते. काही न उघडता ओळखायचे असेल तर आट्याच्या नळीत खोचलेल्या हँडलच्या दांड्याची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजावी. ती २२.२ मिलिमीटर असेल तर नळी १ इंचाची, आणि २५.४ असेल तर १ पूर्णांक १/८ इंचाची समजावी. १ इंची डोक्यात मोठी नळी शिरणार नाही आणि १ इंची नळीचे चांगले स्प्रिंग-चिमटे आता सहसा मिळत नाहीत. अशा सायकलीला एकसंध चिमटाच राहू द्यावा. हल्लीच्या अनेक चिमट्यांची नळी खाली रुंद आणि वर निमुळती असते, तीही जुन्या सांगाड्यात बसत नाही.

चौथी गोष्ट, ब्रेक. जुन्या सायकलींत ब्रेकचे रबर रिमला धरते. त्यासाठी चिमट्याच्या दोन्ही पायांवर खुंट्या हव्यात. नव्या चिमट्यांपैकी पुष्कळांवर त्या नसतात, कारण ते डिस्क ब्रेकसाठी घडवलेले असतात. मग डिस्क बसणारा हब, म्हणजे पर्यायाने नवे चाक आणि नवा ब्रेक, असा खर्च वाढत जातो. जुना कँटिलिव्हर ब्रेक काढून व्ही ब्रेक लावायचा असेल तर ब्रेकची मूठही बदलावी लागते. व्ही ब्रेकला जवळजवळ दुप्पट तार ओढली जावी लागते, जुनी मूठ तेवढी ओढत नाही.

पाचवी गोष्ट, हब. जुन्या पुढच्या हबची रुंदी १०० मिलिमीटर असून त्याचा आस खालून उघड्या खाचेत बसतो. नव्या चिमट्यांत पुष्कळदा १५ मिलिमीटर जाडीचा आरपार आस असतो. त्यात जुने चाक लागत नाही.

याच टप्प्यावर एक साधा प्रश्न विचारावा: चिमट्याची खरोखर गरज आहे काय? स्वस्त स्प्रिंगचा चिमटा सुमारे अडीच किलो वजनाचा असतो, एकसंध त्याच्या निम्म्याहूनही हलका असू शकतो. शिवाय स्वस्त चिमट्यातील स्प्रिंग प्रौढ माणसाच्या वजनासाठी असते. ४५ किलो वजनाच्या मुलीखाली ती जेमतेम हलते. तेव्हा तिला चिमट्याचा लाभ मिळत नाही, केवळ ओझे मिळते. २.१ इंच रुंदीचे चांगले टायर आणि त्यांत ३० ते ३५ पीएसआय हवा, एवढ्याने आमच्या वाटेवरील निम्मे झटके कमी जाणवतात, असा आमच्या मुलांचा अनुभव आहे. आलेल्या सायकलींपैकी पुष्कळांचे काम आम्ही टायरवरच थांबवतो.

बसवण्याची रीत

पाचही गोष्टी जुळल्या तर काम सुरू करावे. ब्रेकची तार, चाक, हँडल आणि जुना चिमटा या क्रमाने उतरवावे. डोक्याच्या नळीतील दोन्ही वाट्या पुसून छर्रे तपासावेत. वाटीत छर्ऱ्यांचे खड्डे उमटले असतील तर पूर्ण हेडसेट बदलावा. आट्याच्या नळीच्या जागी बिनआट्याची नळी येणार असेल तर हेडसेट आणि हँडलची पकड, म्हणजे स्टेम, दोन्ही बदलावे लागतात. चिमट्याच्या बुडाशी बसणारी कडी हातोडीने वेडीवाकडी ठोकू नये. योग्य व्यासाची नळी वर ठेवून ती चारी बाजूंनी सारखी बसेपर्यंत हळूहळू ठोकावी.

मग येते नळी कापण्याचे काम. डोक्याच्या नळीची लांबी, हेडसेटने व्यापलेली उंची, मधल्या चकत्यांची उंची आणि स्टेमच्या पकडीची उंची यांची बेरीज करावी आणि तीतून ३ मिलिमीटर वजा करावेत. उदाहरणार्थ, १२० अधिक २७ अधिक २० अधिक ४०, वजा ३, म्हणजे २०४ मिलिमीटर. हे ३ मिलिमीटर का? वरच्या टोपीने स्टेमला खाली दाबता यावे म्हणून. नळी स्टेमच्या वर आली तर टोपी नळीवरच टेकते आणि छर्ऱ्यांवर दाब येतच नाही. कापलेली नळी पुन्हा वाढत नाही, म्हणून आमच्याकडे हे माप दोन विद्यार्थी स्वतंत्रपणे घेतात आणि आकडे जुळल्यावरच करवत हाती घेतात. आधीच कापलेला वापरीव चिमटा आला तर त्याची नळी पुरेल का, हे घेण्यापूर्वीच मोजावे. कापल्यावर कडा कानशीने साफ कराव्यात.

त्यानंतरचे पाऊल सर्वांत नाजूक आहे. स्टेमचे बोल्ट सैल ठेवून टोपीचा स्क्रू हळूहळू आवळायचा. हा स्क्रू हँडल धरून ठेवण्यासाठी नसतो, तो केवळ छर्ऱ्यांवर योग्य दाब आणतो. तो फार सैल राहिला तर चिमटा खडखडतो आणि वाट्या खराब होतात. फार आवळला तर हँडल जड होते. येथे आम्ही मुलांना सोण थेराची आठवण देतो. राजगृहाजवळ शीतवनात अतिश्रमाने खचलेल्या सोणाला भगवंतांनी त्याच्या वीणेविषयी विचारले होते. तारा फार ताणल्या तर ती वाजत नाही, फार सैल सोडल्या तरी वाजत नाही. टोपीचा स्क्रू हीच गोष्ट बोटांना शिकवतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी आणि दुसऱ्या हाताचे बोट खालच्या वाटीच्या सांध्यावर ठेवावे. तेथे हालचाल जाणवता कामा नये. मग पुढचे चाक उचलून सायकल किंचित कलवावी. हँडल आपल्याच भाराने सहज वळले पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या की मगच स्टेम चाकाच्या रेषेत आणून त्याचे बोल्ट आलटून पालटून, प्रत्येकी ५ ते ६ न्यूटन-मीटर इतके आवळावेत.

शेवटची परीक्षा पुष्कळ जण विसरतात. हवेच्या चिमट्यातील हवा सोडून, किंवा स्प्रिंग काढून, चिमटा पूर्ण दाबून पाहावा. या स्थितीत टायर मुकुटाला घासता कामा नये. घासत असेल तर खोल खड्ड्यात चाक एकाएकी अडेल आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जाईल. तसेच हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकची तार कोठे ताणते का ते पाहावे.

स्वारानुसार जुळवणी आणि निगा

चिमटा बसला म्हणजे तो तयार झाला असे नाही. स्वार सायकलवर नेहमीच्या पद्धतीने बसला असता चिमटा जेवढा दबतो त्याला सॅग म्हणतात. चिमट्याच्या सरकत्या नळीला एक बारीक प्लॅस्टिकची पट्टी बांधून ती खाली टेकवावी. स्वाराने हलकेच बसावे, न उसळता उतरावे आणि पट्टी किती सरकली ते मोजावे. ८० मिलिमीटरच्या चिमट्यात १६ ते २० मिलिमीटर, म्हणजे २० ते २५ टक्के, हे आमच्या वाटेला योग्य ठरते. कमी असेल तर हवा सोडावी, जास्त असेल तर भरावी. पोलादी स्प्रिंगच्या चिमट्यात वरची चकती फिरवून थोडाच फरक पडतो. मोठ्या फरकासाठी स्प्रिंगच बदलावी लागते. सायकल एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे गेली की ही जुळवणी पुन्हा करावी लागते. म्हणून वर्षारंभी कार्यशाळेबाहेर रांग लागते.

निगा अवघड नाही, परंतु नियमित हवी. सरकत्या नळ्या रोज कोरड्या फडक्याने पुसाव्यात. मुरमाची धूळ रबरी कड्यांत शिरली की ती कानशीसारखी नळी घासते. पाण्याचा जोराचा फवारा तेथे कधीही मारू नये. चांगल्या चिमट्याचे खालचे पाय सुमारे ५० तासांच्या स्वारीनंतर उघडून, साफ करून, आत ताजे तेल घालावे. नव्या चिमट्याच्या पहिल्या आठवड्यात हेडसेट किंचित सैल होतो, म्हणून सातव्या दिवशी तो पुन्हा तपासावा.

एका पालकाचा प्रश्न

त्या विद्यार्थिनीचे वडील तेव्हा भेटायला आले होते. आम्ही क्षमा मागितली. ते म्हणाले, “गुरुजी, हात मोडला त्याचं काही नाही, तो भरून येईल. पण माझ्या आज्यानं जन्मभर गावाची वेठ केली. पोरीचे हात पुन्हा काळे व्हावेत म्हणून तिला तुमच्याकडं धाडली नाही.”

या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. द्यावे इतके सोपे उत्तर नव्हते. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की जातीच्या नावाने जी कामाची वाटणी सांगितली जाते ती प्रत्यक्षात काम करणाऱ्या माणसांची उतरंड असते. ज्यांच्या पूर्वजांवर हातकाम जन्माने लादले गेले त्यांना हातकामाचे गोडवे ऐकवणे हा उद्धटपणा आहे. हे आम्ही जाणतो.

तरीही कार्यशाळा आम्ही बंद केली नाही. वेठीच्या कामात माणसाला ‘का’ असे विचारण्याचा अधिकार नव्हता. येथे ‘का’ विचारल्यावाचून पान्याला हात लावता येत नाही. येथे मुलगे आणि मुली, सर्व शाखांचे, सर्व जातींतून आलेले, एकाच नोंदवहीत मापे लिहितात. कोन, तरफ, दाब, घर्षण हे शब्द त्यांना पुस्तकात भेटण्यापूर्वी बोटांना भेटतात. आणि एखाद्या मोठ्या माणसाने घाईत केलेले काम चुकीचे आहे, हे आकड्यानिशी सांगण्याचे धैर्य त्यांना येते. प्लास्टर निघाल्यावर त्या विद्यार्थिनीने नोंदवहीत एक रकाना वाढवला: ‘बसवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी तपासले’. आज त्या रकान्यात सही झाल्याशिवाय एकही सायकल फाटकाबाहेर जात नाही, आणि शिक्षकांनी जोडलेली सायकल विद्यार्थ्यांनीच तपासायची असा दंडक आहे. तिच्या वडिलांचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचा प्रश्न आम्ही कार्यशाळेच्या भिंतीवर नव्हे, मनात लिहून ठेवला आहे.

दात्यांना विनंती

जे माजी विद्यार्थी सायकल किंवा चिमटा पाठवू इच्छितात त्यांना नम्र विनंती अशी की सोबत एका कागदावर चार मापे लिहावीत: चिमट्याची आसापासून मुकुटापर्यंतची लांबी, नळीचा व्यास, नळीची लांबी आणि ब्रेकचा प्रकार. ती मापे जुळली नाहीत तर आपली भेट आम्ही आदराने दुसऱ्या सांगाड्यासाठी राखून ठेवू. दिखाऊ आणि मोठ्या चिमट्यापेक्षा टायरची एक चांगली जोडी आमच्या मुलांना अधिक दूर नेते.

कथेच्या शेवटी भगवान बुद्ध सांगतात की तो रथकार म्हणजे पूर्वजन्मीचे तेच होते. तेव्हा ते लाकडाचा वाकडेपणा ओळखण्यात कुशल होते, आता काया, वाचा आणि मन यांचा वाकडेपणा ओळखण्यात कुशल आहेत. आमच्या कार्यशाळेची झेप अर्थातच तेवढी नाही. सायकलीचा वाकडेपणा वेळीच मोजावा आणि तो आपल्या हातून झाला असेल तर मुलांसमोर तसे सांगावे, इतकेच आम्ही शिकत आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!